२९ पैकी २३ : जंतांच्या अंड्यांची कसोटी

फेब्रुवारी महिन्यात शाळेत मिळणारी जंतांची गोळी तुम्ही घेतली असेलच. २०१५ साली आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. त्या दिवशी अल्बेंडाझोल नावाच्या औषधाची गोळी शाळेशाळांतून मुलांना देतात. पोटातले जंत आपल्या जिवावर जगतात. त्यांच्यामुळे मुले फिकी पडतात, त्यांची वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा पाहुण्यांना घराबाहेर काढलेलेच बरे, नाही का?

आणि आता हे ऐका. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काही डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना जंतांची अंडी मुद्दाम पाजली. एकदा नव्हे, दर तीन आठवड्यांनी, आणि दर वेळी अडीच हजार! रुग्णांनीही ती राजीखुशीने घेतली. २९ रुग्णांपैकी २३ जणांना बरे वाटू लागले. ही बातमी २००५ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगभर खळबळ उडाली.

मग आज हे औषध दुकानात का मिळत नाही? या प्रश्नाच्या उत्तरात औषधे कशी पारखतात याची सगळी युक्ती दडलेली आहे. चला, ती समजून घेऊ या.

आपलेच सैनिक, आपल्याच घरावर हल्ला

ज्या रोगासाठी हा खटाटोप चालला होता त्याचे नाव आहे क्रोनचा रोग. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन, डॉ. लिऑन गिन्झबर्ग आणि डॉ. गॉर्डन ओपनहायमर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९१३ साली डॅल्झिएल या स्कॉटिश शल्यचिकित्सकानेही असेच रुग्ण पाहून लिहून ठेवले होते. पण नाव मात्र क्रोन यांचे पडले.

या रोगात अन्नमार्गाच्या भिंतीला सूज येते, तिच्यावर व्रण पडतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही तो होऊ शकतो. तरी लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर, म्हणजे शेषांत्रावर, त्याचा विशेष डोळा असतो. पोटात कळा येतात, वारंवार जुलाब होतात, ताप येतो, वजन घटते. पुष्कळदा रोग ऐन तारुण्यात सुरू होतो आणि जन्माची सोबत करतो. तो कधी उसळतो, तर कधी आपोआप शांत होतो. हा शेवटचा मुद्दा नीट ध्यानात ठेवा. पुढे तो फार कामाला येणार आहे.

आपल्याकडे या रोगाने डॉक्टरांपुढे एक वेगळेच कोडे टाकले आहे. आतड्याचा क्षय आपल्या देशात पूर्वीपासून आढळतो. तोही बहुधा शेषांत्राजवळच ठाण मांडतो आणि लक्षणेही जवळजवळ तीच दाखवतो. दोन्हींचे उपचार मात्र अगदी वेगळे आहेत. क्रोनच्या रोगावरची पुष्कळशी औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दडपतात, आणि क्षयाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दडपणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्यामुळे निदान करताना डॉक्टरांना फार जपावे लागते.

प्रतिकारशक्ती दडपायची कशासाठी? कारण या रोगात तीच बिथरलेली असते. आपल्या आतड्यांत असंख्य निरुपद्रवी जीवाणू नांदत असतात. शरीराचे सैनिक त्यांच्याकडे काणाडोळा करतात. क्रोनच्या रोगात हे सैनिक शांत बसत नाहीत. ते सतत लढत राहतात आणि त्या धुमश्चक्रीत आतड्याची भिंतच होरपळते.

कल्पना सुचली कशी?

क्रोनचा रोग उत्तर अमेरिकेत आणि युरोपात विसाव्या शतकात झपाट्याने वाढला. ज्या देशांत जंतांचा सुळसुळाट होता तेथे तो पुष्कळ कमी आढळे. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅखन या ब्रिटिश संशोधकाने असेच एक निरीक्षण मांडले होते. १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती त्याने तपासली. ज्या घरांत भावंडे जास्त, त्या घरांतील मुलांना पराग-ज्वर हा वावड्याचा विकार कमी होतो, असे त्याला दिसले. लहानपणी एकमेकांकडून होणारे संसर्ग मुलांच्या प्रतिकारशक्तीला शिस्त लावत असतील का, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

आयोवाचे डॉ. जोएल वाइनस्टॉक आणि त्यांचे सहकारी डॉ. डेव्हिड एलियट व डॉ. रॉबर्ट समर्स यांनी हाच धागा पकडला. जंत माणसाच्या आतड्यात हजारो वर्षे राहत आले. तेथे टिकायचे, तर यजमानाच्या सैनिकांना गुंगवणे त्यांना भागच होते, आणि जंत खरोखरच तसे करतात. मग घरातले जंत गेल्यामुळे सैनिक मोकाट सुटले नसतील कशावरून? आतड्याला सूज येणाऱ्या उंदरांना जंतांचा संसर्ग घडवला, तेव्हा त्यांची सूज कमी झाली.

तर्क मोठा सुरेख होता. पण येथे जरा थांबा. जंत असलेले देश आणि नसलेले देश यांच्यात फरक काय फक्त जंतांचाच असतो? आहार वेगळा, हवामान वेगळे, घरे वेगळी, रोग ओळखण्याच्या सोयीही वेगळ्या. तेव्हा सुरेख तर्क म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग करून पाहणे आवश्यक होते.

डुकराचाच जंत का?

माणसाचे जंत माणसाला देणे धोक्याचे. ते अंगात वाढतात, रक्तक्षय घडवतात आणि अंड्यांवाटे इतरांपर्यंत पोचतात. म्हणून संशोधकांनी डुकराच्या आतड्यात राहणारा चाबूक-कृमी निवडला. याच्या शरीराचा एक भाग चाबकाच्या वादीसारखा बारीक व लांब आणि दुसरा मुठीसारखा जाड असतो. त्याचे खरे घर म्हणजे डुकराचे आतडे. माणसाच्या पोटात त्याच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, पण तेथे त्यांचे बस्तान बसत नाही आणि काही काळाने त्या नाहीशा होतात. शिवाय या कृमीची ताजी अंडी लगेच संसर्ग करू शकत नाहीत. त्यांत अळी तयार होण्यासाठी ती कित्येक आठवडे मातीत पडून राहावी लागतात. त्यामुळे एकापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती फारशी नव्हती.

यासाठी रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेली डुकरे वाढवली जात. त्यांच्यापासून मिळालेली अंडी स्वच्छ करून, अळी तयार होईपर्यंत ठेवून, मग पेयात मिसळून देत. एक अंडे सुमारे ६० मायक्रॉन लांबीचे, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढे. अडीच हजार अंडी पेल्यात असली तरी पिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे.

प्रथम सात रुग्णांवर प्रयोग झाला. अपाय दिसला नाही. मग क्रोनचे २९ रुग्ण घेतले आणि त्यांना २४ आठवडे अंडी दिली.

हे रुग्ण बरे झाले की नाही हे ठरवायचे कसे? त्यासाठी १९७६ साली तयार केलेले एक गुणपत्रक वापरतात. जुलाब किती वेळा झाले, पोटात किती दुखले, एकंदर कसे वाटते, वजन किती, अशा आठ बाबींचे गुण त्यात असतात. परीक्षेत जास्त गुण चांगले, येथे उलटे! २२० च्या वर गुण म्हणजे रोग उसळलेला, आणि १५० च्या खाली म्हणजे शमलेला. २४ आठवड्यांनंतर २९ पैकी २३ जणांचे गुण चांगलेच उतरले होते आणि २१ जणांचा रोग शमला होता. शेकडा ७२ रुग्ण!

थोडा खेळ खेळू या

तुम्ही म्हणाल, याहून आणखी काय हवे? उत्तर देण्यापूर्वी वर्गात एक खेळ खेळून पाहा. शिक्षकांनी अवश्य मदत करावी.

लुडोतील दोन फासे घ्या. वर्गातील प्रत्येकाने ते एकदा टाकावेत. ज्याची बेरीज ९ किंवा जास्त आली तो ‘आजारी’ समजा. ३६ मुले असतील तर साधारण १० आजारी निघतील. आता या आजाऱ्यांना चिमूटभर ‘गुणकारी’ साखर खायला द्या आणि पुन्हा फासे टाकायला सांगा. काय दिसेल? दहापैकी सातेक जण ठणठणीत बरे!

साखरेचा गुण म्हणायचा का हा? मुळीच नाही. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांतील २६ प्रकारांत बेरीज ९ पेक्षा कमी येते. म्हणजे साखर द्या अथवा देऊ नका, दुसऱ्या खेपेस शेकडा ७२ जण बरे होणारच. आपण निवडच मुळी वाईट आकडा पडलेल्यांची केली होती. त्यांचा पुढचा आकडा बहुधा कमीच येणार.

आयोवाच्या प्रयोगाचा आकडा आणि आपला आकडा सारखा आला हा निव्वळ योगायोग आहे. रोगाचे चढउतार फाशांसारखे सरळ नसतात. पण कारण तेच. क्रोनचा रोग कधी उसळतो, कधी शमतो, हे आपण पाहिले. प्रयोगात रुग्ण घेतले जातात ते रोग उसळलेला असताना. मग काही आठवड्यांनी त्यांतले पुष्कळ जण काहीही न करता सुधारलेले दिसतील.

आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आशा. नवे औषध मिळाले की रुग्णाला हुरूप येतो. पोटात किती दुखते आणि एकंदर कसे वाटते हे तोच सांगणार, आणि गुण त्यावरच अवलंबून. दुसरी म्हणजे डॉक्टरांची नजर. आपल्या औषधाने रुग्ण बरा व्हावा असे त्यांनाही वाटत असतेच. यात लबाडी नसते, पण माप नकळत झुकते.

आयोवाच्या प्रयोगात सर्व २९ जणांना अंडी मिळाली होती आणि ती आपल्याला मिळत आहेत हे त्यांना माहीत होते. अंडी न घेणारे कोणीच नव्हते. म्हणून २३ पैकी किती जण अंड्यांमुळे बरे झाले हे सांगण्यास मार्गच उरला नाही. संशोधकांनाही याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी हा प्रयोग पहिली पायरी म्हणूनच केला होता.

दोन गट, एक चिठ्ठी

आता आपला खेळ जरा सुधारू. आजारी मुलांतील प्रत्येकासाठी नाणे उडवा. छापा पडला तर साखर, काटा पडला तर नुसतेच फासे. दोन्ही गटांत सारखेच लोक ‘बरे’ होऊ लागले की साखरेचे बिंग फुटते!

औषधांच्या चाचणीत हेच करतात. रुग्णांचे दोन गट पाडतात. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. त्यामुळे जास्त आजारी, कमी आजारी, तरुण, वयस्क असे सर्व प्रकारचे रुग्ण दोन्ही गटांत विखुरतात. एका गटाला औषध देतात. दुसऱ्याला दिसायला व चवीला अगदी तसेच, पण औषध नसलेले द्रव्य देतात. याला प्लासिबो म्हणतात. कोणत्या बाटलीत काय आहे हे रुग्णाला ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असतात. चाचणी संपल्यावरच ते उलगडतात.

चिठ्ठ्यांची ही पद्धत १९४८ साली गाजली ती क्षयाच्या औषधामुळे. ब्रिटनमध्ये १०७ क्षयरुग्णांवर चाचणी झाली. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन दिले आणि ५२ जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणावर विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ जण दगावले, दुसऱ्यातील १४. औषधाचे मोल स्पष्ट झाले.

कसोटीचा दिवस

आता पुन्हा अंड्यांकडे वळू. २००५ सालीच आयोवाच्या मंडळींनी मोठ्या आतड्याच्या एका भाऊबंद रोगावर दोन गटांची चाचणी केली होती. अंडी घेणाऱ्या ३० पैकी १३ जण सुधारले, प्लासिबो घेणाऱ्या २४ पैकी ४. आशा वाढली. मग क्रोनच्या ३६ रुग्णांवर सुरक्षिततेची चाचणी झाली. तीही पार पडली.

त्यानंतर दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या, एक अमेरिकेत आणि एक युरोपात. प्रत्येकीत सुमारे अडीचशे क्रोनचे रुग्ण होते. अमेरिकेत दर दोन आठवड्यांनी ७,५०० अंडी किंवा प्लासिबो, असे १२ आठवडे चालले. ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. अंडी आणि प्लासिबो यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच महिन्यात युरोपातील चाचणी थांबवण्यात आली. अशा चाचणीवर एक स्वतंत्र समिती लक्ष ठेवते. औषधाचा उपयोग होत नाही असे दिसले की ती चाचणी थांबवायला सांगते, म्हणजे रुग्णांना विनाकारण त्रास होत नाही.

युरोपातील २५२ रुग्णांचे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ते पाहा. १२ आठवड्यांनी रोग शमलेल्यांचे प्रमाण असे होते: २५० अंडी घेणारे, शेकडा ३८.५, २,५०० अंडी घेणारे, ३५.२, ७,५०० अंडी घेणारे, ४७.२, आणि एकही अंडे न घेणारे, ४२.९!

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. प्लासिबो घेणाऱ्या दर शंभरातील जवळजवळ ४३ जणांचा रोग शमला होता. ७,५०० अंड्यांचा गट त्यांच्या किंचित पुढे दिसतो खरा, पण सत्तर-बहात्तर रुग्णांच्या गटात हा फरक जेमतेम तीन रुग्णांचा होतो. सत्तर नाणी दोनदा उडवून पाहा. छाप्यांच्या संख्येत तीनचा फरक सहज पडतो. शिवाय मधला गट तर प्लासिबोच्याही मागे राहिला.

तीच कसोटी, दुसरे औषध

कोणाला वाटेल, ही कसोटीच इतकी कठीण असेल की तिच्यातून काही पार पडतच नसेल. तसे नाही. १९९७ साली याच रोगावरील इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना चेतवणारे एक रसायन हे औषध अडवून धरते. १०८ रुग्णांना शिरेतून औषध किंवा प्लासिबो दिले. चार आठवड्यांनी, वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध मिळालेल्या २७ पैकी २२ जण सुधारले होते. प्लासिबोच्या गटात २४ पैकी फक्त ४. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आजही ते वापरतात. मात्र त्याने शरीरात दडून बसलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून ते देण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते.

आता हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. अंडी: २९ पैकी २३. इन्फ्लिक्सिमॅब: २७ पैकी २२. दोन्ही शेकडा ऐंशीच्या आसपास. नुसते हे आकडे पाहून कोणते औषध खरे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. सांगितले ते दुसऱ्या गटाने.

मग हा खटाटोप वाया गेला?

आजारी माणसाला खोटे औषध द्यायचे हे निर्दयपणाचे नाही का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. येणे योग्यच आहे. म्हणूनच रुग्णाला आधी सर्व समजावून सांगतात: तुम्हाला औषध मिळेल किंवा प्लासिबो मिळेल, कोणते ते आम्हालाही ठाऊक नसेल. त्याने लेखी संमती दिली तरच त्याला घेतात, आणि तो केव्हाही बाहेर पडू शकतो. शिवाय औषध खरेच गुणकारी आहे हे जोवर कोणालाच माहीत नाही, तोवर प्लासिबोच्या गटाचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. अंड्यांच्या बाबतीत तर काहीच हुकले नाही. ही चाचणी झाली नसती तर मात्र हजारो रुग्ण वर्षानुवर्षे जंतांची अंडी पीत राहिले असते, पैसे घालवत राहिले असते, आणि उपयोगी औषधांकडे उशिरा वळले असते.

फसलेल्या चाचण्यांची नोंद राहणे म्हणूनच महत्त्वाचे. केवळ यश छापून आले आणि अपयश कपाटात राहिले, तर जगाची फसगत होईल. यासाठी चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंदणी करतात. आपल्या देशात अशी सार्वजनिक नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली.

डॉ. वाइनस्टॉक आणि सहकाऱ्यांचा मूळ प्रश्न यामुळे निकाली निघाला असे मात्र समजू नका. जंत प्रतिकारशक्तीला कसे गुंगवतात याचा अभ्यास चालूच आहे. त्या युक्तीतून उद्या एखादे औषध निघेलही. पण त्यालाही याच कसोटीतून जावे लागेल. आणि हो, शाळेतली जंतांची गोळी टाळण्यासाठी या लेखाचा आधार घेऊ नका! माणसाचे जंत अपायकारक आहेत, यात शंका नाही.

वर्तमानपत्रात, भिंतीवर, दूरदर्शनवर तुम्हाला जाहिराती दिसतात: ‘शंभरातील ऐंशी लोकांना गुण आला!’ यापुढे अशी जाहिरात दिसली की एकच प्रश्न विचारा: ज्यांनी हे औषध घेतले नाही, त्यांच्यापैकी किती जणांना गुण आला? उत्तर मिळाले नाही, तर ऐंशीच्या आकड्याला काही अर्थ नाही हे तुम्ही खुशाल समजा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा. फासे तर तुमच्याजवळ आहेतच!